खिशात हूक असलेला राजदूत

हे भांडण दोन हूकवाल्यांमधलं आहे. मधे प्रोफेसरांनी पडू नये.

एक हूकवाला मी. मॅट्रिक पास, सावंतवाडीजवळच्या एका बौद्धवाडीतला, सध्या गोव्यातल्या बंदरावर कंत्राटी टोळीत. कविता करतो. दुसरा हूकवाला डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन. 1973 ते 1975 भारतातला अमेरिकेचा राजदूत. त्याआधी निक्सनचा सल्लागार, त्यानंतर युनोत अमेरिकेचा प्रतिनिधी, मग न्यूयॉर्कचा सिनेटर, तब्बल चोवीस वर्षं. 2003 साली मेला. मेलेल्या माणसाशी काय भांडतोस, असं एक शहाणा दोस्त म्हणाला. मी म्हटलं, मनू काय जिवंत आहे?

मला तो रद्दीत सापडला. सावंतवाडीत एका रद्दीवाल्याकडे मी सुट्टीत जुनी मासिकं चाळत बसतो, तो मला वीस रुपयांत पिशवीभर देतो. त्यात अमेरिकन वकिलातीच्या ‘स्पॅन’ मासिकाचा कव्हर गेलेला एक अंक होता. गुळगुळीत कागद, आणि त्यावर बो टाय लावलेला, लांब नाकाचा, केस कपाळावर आलेला एक हसरा साहेब. नाव लक्षात ठेवलं. बंदरावर रात्रपाळीत बोट उशिरा लागली की दोन-तीन तास मोकळे मिळतात, तेव्हा मोबाईलवर त्याच्याबद्दल वाचायला लागलो. एका हातात डिक्शनरी. एका ठिकाणी थबकलो. हा साहेब गोदी कामगार होता.

1943 साल. सोळा वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कच्या हडसन नदीच्या धक्क्यावर बोटी भरत-उतरवत होता. फुकट शिकवणाऱ्या सिटी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला तो कामावरून सरळ गेला. पेपर लिहायला बसला तेव्हा त्याच्या पँटच्या मागच्या खिशात पोती ओढायचा हूक होता. ही गोष्ट पुढे तो स्वतः आवडीनं सांगायचा.

खरं सांगतो, मी त्या रात्री खूष झालो. आपल्यातला एक माणूस सिनेटपर्यंत गेला! माझ्या आज्याचा हूक अजून आमच्या घरात खिळ्याला लटकतोय. मुंबई गोदीतला. तो मला आठवला. वाटलं, ह्याच्यावर कविता करावी. ओळी जुळवायलाही घेतल्या होत्या.

मग पुढचं वाचलं. कविता राहिली, हा लेख आला.

आधी त्याची हकीकत, कारण तिच्याशिवाय भांडण कळणार नाही. जन्म 1927, ओक्लाहोमातल्या टल्सा गावी. लहानपणीच न्यूयॉर्कला आला. आयरिश कॅथलिक घर. बाप वर्तमानपत्रात आणि जाहिरातीत लिहिणारा, आणि पिणारा. मुलगा दहा वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला तो गेलाच. आईनं तीन पोरं वाढवली. भाडं परवडेना म्हणून बिऱ्हाडं बदलली. हा रस्त्यावर बूटपॉलिश करायचा, पेपर विकायचा. पुढे आईनं हेल्स किचन नावाच्या वस्तीत बार चालवला. हेल्स किचन म्हणजे नरकाचं स्वैपाकघर. नाव ठेवणाराला दाद दिली पाहिजे. काळ्यांच्या हार्लेमला लागून असलेल्या शाळेत तो शिकला. मग गोदी, मग कॉलेज, मग नेव्ही, मग नेव्हीच्या पैशानं पुढचं शिक्षण, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (जिथं आपले बाबासाहेब शिकले तेच), डॉक्टरेट, केनेडीच्या सरकारात मजूर खातं. थोडक्यात, बाप नसलेला, आईनं वाढवलेला, हमाली केलेला पोरगा साहेब झाला. इथपर्यंत माझं काहीच भांडण नाही.

एक गोष्ट मात्र इथंच नोंदवून ठेवतो. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्या काळी भरती कशी व्हायची? सकाळी सगळ्यांनी अर्धगोलात उभं राहायचं. भरतीचा बॉस येणार, बोट दाखवणार. बोट दाखवलं तो आत, बाकीचे घरी. कोकणातून मुंबईला गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको, नाक्यावर आजही तेच चालतं. पण हडसनच्या त्या धक्क्यांवर राज्य आयरिश टोळ्यांचं होतं. काळ्या माणसावर बॉसचं बोट सहसा पडतच नसे. म्हणजे मॉयनिहनच्या खिशात जो हूक होता तो त्याच्या मनगटात जोर होता म्हणून होता, तसाच त्याचं आडनाव मॉयनिहन होतं म्हणूनही होता. हे तो विसरला, असं मी म्हणणार नाही. विसरणं सोपं असतं. त्यानं ते बाजूला ठेवलं.

आता रिपोर्ट.

मार्च 1965. मजूर खात्यातला हा अठ्ठावीस-तीस कोष्टकांचा हुशार माणूस (कोष्टकं मी मोजली नाहीत, पण फार आहेत) काळ्या कुटुंबांवर एक अहवाल लिहितो. आधी मोजक्याच प्रती, सरकारी कामापुरत्या. सांगतो काय? की जवळपास पाव काळी कुटुंबं बाईच्या जिवावर चालतात. जवळपास पाव मुलं लग्नाबाहेर जन्मतात. बाईच्या हाती घर असल्यानं पुरुष खचतो, पोरं शाळेतून गळतात, गुन्ह्याकडे वळतात. हा सगळा विकृतीचा गुंता आहे आणि त्याच्या मुळाशी मोडकं कुटुंब आहे.

प्रामाणिक राहायचं तर पुढचंही सांगायला पाहिजे. त्यानं गुलामगिरी लिहिली आहे. तीनशे वर्षं माणसं बाजारात विकली, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, हे त्यात आहे. काळ्या पुरुषाला काम मिळत नाही, हेही आहे. त्याच्या मनात पुरुषांना नोकऱ्या द्याव्यात असं होतं. त्याचे भक्त आजही हेच सांगतात, की बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

हेतूचं काय करू? आमच्या धंद्यात हूक पोत्याच्या कानात घालतात. पोटात घातला तर बारदान फाटतं, धान्य सांडतं. मुकादम तुझा हेतू विचारत नाही, तो सांडलेलं धान्य दाखवतो. मॉयनिहननं हूक पोटात घातला. ऑगस्ट 1965 मध्ये लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती पेटली, पोलिसांच्या जाचानं पेटली. त्याच दिवसांत हा रिपोर्ट वर्तमानपत्रांत आला, आणि गोऱ्या वाचकाला आयतं उत्तर मिळालं: का पेटले? घरात बाप नाही म्हणून पेटले. घरमालक सुटला, पोलीस सुटला, बोट दाखवणारा बॉस सुटला. उरली काळी आई. विल्यम रायन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ह्या विद्येचं बरोबर बारसं केलं, 1971 च्या पुस्तकात: मार खाणाऱ्यालाच दोष देणे. हे दोन शब्द आज सगळं जग वापरतं. ते ह्या साहेबावरून जन्मले.

आणि लिहिणारा कोण, तर बाप पळालेल्या घरातला पोरगा! आयरिश लोकांना गोऱ्या अमेरिकेनं शंभर वर्षांपूर्वी काय म्हटलं नव्हतं? दारुडे, भांडकुदळ, पोरं काढणारे. व्यंगचित्रांत त्यांना माकडाचं तोंड काढायचे. हे त्याला पाठ होतं, न्यूयॉर्कच्या आयरिशांवर त्यानं 1963 साली स्वतः लिहिलं होतं. आयरिशांची घरं सुधारली म्हणून त्यांना पोलिसात, गोदीत, नगरपालिकेत जागा मिळाल्या की जागा मिळाल्या म्हणून घरं सुधारली? हूक आधी की शिस्त आधी? ह्याचं उत्तर त्याच्या मागच्या खिशात होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं लचांड सावंतवाडीत कशाला? थांबा.

गेल्या साली आमच्या वाडीत एक पाहणी आली. संस्थेचं नाव लिहीत नाही. बाहेरून आलेली माणसं, जॅकेट, गाडी. वाडीतला शिकलेला पोरगा कोण, तर मी. सुट्टीवर होतो. एका फॉर्मचे पन्नास रुपये. मी हो म्हटलं. फॉर्मवरचे रकाने असे: कुटुंबप्रमुख पुरुष की स्त्री. पुरुष सोबत राहतो का. घरात व्यसन आहे का. मुलांनी शाळा सोडली का. मी घराघरांत जाऊन खुणा केल्या. ज्यांच्या मांडीवर वाढलो त्या म्हाताऱ्यांना विचारलं, तुमचा मुलगा पितो का. रकान्यात नव्हतं ते असं: जमीन कुणाच्या नावावर आहे. शेवटची मजुरी कुणी बुडवली. गावच्या देवळाच्या मानकऱ्यांत तुमचं नाव आहे का, नसेल तर का नाही. हे विचारायला जागाच नव्हती, आणि पन्नास रुपयांत मी ती काढलीही नाही.

शेवटचं घर आमचं. आई काजू सोलायला जाते. टरफलाच्या तेलानं तिच्या बोटांची कातडी गेलेली आहे, अंगठा लावायची मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. बाप मी दहा वर्षांचा असताना मुंबईला गेला, दोन वर्षं पैसे पाठवले, मग पत्ता नाही. दहा वर्षांचा! मॉयनिहनचंही वय तेवढंच. मी आईसमोर फॉर्म घेऊन बसलो. कुटुंबप्रमुख: स्त्री. पुरुष: सोबत नाही. ती चुलीकडे बघत म्हणाली, “लिव, खरा काय ता लिव. पण खाली तुझा नाव लिवतलंस मा?”

त्या दिवशी मी छोटा मॉयनिहन झालो होतो. म्हणूनच म्हणतो, हे भांडण माझं आहे.

आता कोकणाकडे बघा. सिंधुदुर्ग-रत्नागिरी म्हणजे काय? पुरुष मुंबईला आणि घर बाईच्या खांद्यावर, हा इथला शंभर-दीडशे वर्षांचा रिवाज. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका, सिंधुदुर्गात 1036. गिरण्या, गोद्या, खानावळी कोकणच्या पुरुषांनी भरल्या आणि इथली शेतं, गुरं, म्हातारी माणसं बायकांनी सांभाळली. म्हणजे मॉयनिहनच्या फूटपट्टीनं अख्खं कोकण मोडकं कुटुंब आहे! पण वरच्या आळीतल्या घराला तसं कुणी म्हणतं का? तिथला पुरुष ‘चाकरमानी’. गणपतीला तो आला की नाटकं होतात, त्याच्या आईच्या कष्टांवर सिनेमे निघतात, मनीऑर्डरवरचं कोकण म्हणून लेख येतात. तोच पुरुष आमच्या वाडीतून गेला की ‘बेजबाबदार’. तीच बाई आमच्या वाडीत एकटी राबली की ‘समस्या’. घराची घडी एकच. दोष कुणाच्या घडीत शोधायचा हे आळी बघून ठरतं.

इथं कुणी बाबासाहेबांचा दाखला देईल, म्हणून आधीच बोलतो. बाबासाहेबांनी पण सांगितलं होतंच की, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, स्वच्छ राहा, मुलांना शिकवा. हो, सांगितलं होतं. महाडला, मार्च 1927 मध्ये. पण कुणाला सांगितलं? आपल्या लोकांना, तोंडावर, उभं राहून. आणि ते सांगून कुठं नेलं? चवदार तळ्यावर. मॉयनिहननं आपल्या नसलेल्या लोकांबद्दल, त्यांच्या पाठीमागे, सरकारला लिहून दिलं. आईनं कान पिळणं आणि चौकीत नाव देणं ह्यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं चळवळीत येऊ नये.

1969 साली मॉयनिहन निक्सनच्या दरबारात गेला. डेमोक्रॅट असून रिपब्लिकनकडे. असू दे, आपल्याकडे तर हे दर निवडणुकीला होतं. 4 डिसेंबर 1969 ला पहाटे शिकागोच्या पोलिसांनी ब्लॅक पँथरच्या फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या. वय 21. सोबत मार्क क्लार्क, वय 22. सहा आठवड्यांनी, जानेवारी 1970 मध्ये, मॉयनिहन निक्सनला एक टिपण देतो: वंशाच्या प्रश्नाकडे काही काळ प्रेमळ दुर्लक्ष करावं. प्रेमळ! त्यात पँथरांचाही उल्लेख आहे. सूर असा, की पँथर जवळपास संपलेलेच होते, शिकागो पोलिसांनी छापा घालून उगाच त्यांना हिरो केलं. बिछान्यातल्या रक्ताचा हिशोब नाही, प्रसिद्धीचा हिशोब आहे. टिपण फुटलं, मार्चमध्ये पेपरात आलं, बोंबाबोंब झाली. त्यानं खुलासा केला, की मला फक्त भडक भाषणं कमी करा म्हणायचं होतं. साहेबांचं म्हणणं नेहमी वेगळंच असतं. मार खाणाऱ्यालाच ते चुकीचं ऐकू येतं.

आणि मग तो आपल्याकडे आला. फेब्रुवारी 1973, दिल्ली. बांगलादेश युद्धात अमेरिकेनं बंगालच्या उपसागरात विमानवाहू बोट पाठवली होती, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. संबंध सुधारायला निक्सननं पाठवला हा हुशार माणूस. इथं ज्या कामासाठी त्याचं नाव राहिलं ते काम गव्हाचं. आणि गहू म्हटलं की माझा आजा आला.

1954 साली अमेरिकेनं एक कायदा केला, पी.एल. 480. त्यांच्याकडे धान्य उतू चाललेलं, आपल्याकडे टंचाई. ते गहू देणार, आपण डॉलरऐवजी रुपयांत पैसे देणार, आणि ते रुपये इथंच त्यांच्या खात्यात साठणार. त्यातून ते वकिलातीचा खर्च करणार, सरकारला परत कर्ज देणार, आपल्या कंपन्यांना देणार. 1966 च्या दुष्काळी सालात बाहेरून एक कोटी टनांच्या आसपास धान्य आलं, बहुतेक अमेरिकेतून. प्रेसिडेंट जॉन्सन बोटी मुद्दाम एकेक करून सोडायचा. आपण व्हिएतनामवर बोलतो ह्याचा त्याला राग. बोटीतून उतरायचं आणि सरळ तोंडात जायचं, साठा होऊ द्यायचा नाही. माझा आजा तेव्हा मुंबई गोदीत. गहू बोटीत मोकळा यायचा, धक्क्यावर पोती भरायची, शिवायची, रचायची. धुळीनं छाती भरायची. त्याचा खोकला आम्ही गावी आल्यावरही ऐकला, मरेपर्यंत. आजी सांगायची: “अमेरिकेचो गहू तुझ्या आज्यान बोटीतसून काढल्यान, आणि माका तोच रेशनात पैसे देवन घेवचो लागलो.” भात खाणारी आमची माणसं, त्यांना त्या चपात्या कधी जमल्या नाहीत.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात पी.एल. 480 वर पानंच्या पानं असतील. आजीचं हे एक वाक्य मला पुरतं.

तर हे साठलेले रुपये एवढे झाले की त्यांचं करायचं काय हा प्रश्न पडला. मॉयनिहननं तोड काढली. बराचसा भाग माफ. 18 फेब्रुवारी 1974 ला त्यानं भारत सरकारला एक चेक दिला. रक्कम 1,664 कोटी रुपये. जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनेस बुकात गेला. त्याच्या चरित्रात हा दिवस सोन्यानं लिहिलेला असतो.

आता तारखा शेजारी ठेवा. 5 जानेवारी 1974, वरळी, पँथरची सभा, दगड, मग बीडीडी चाळींत पोलीस आणि दंगल. 10 जानेवारी, मोर्चावर वरून दगड पडतो आणि भागवत जाधव मरतो. त्यानंतर चाळीस दिवसांच्या आत दिल्लीत हा चेक. माझा आजा त्या वेळी वरळीच्या बीडीडीत गावच्या माणसांच्या खोलीत राहत होता. दिवसा गोदी, रात्री दरवाजाला आतून ट्रंक लावून झोपणं. ज्या गव्हाचे हे 1,664 कोटी, तो गहू ज्यांनी पाठीवर घेतला त्यांच्या खोल्यांत पोलीस शिरत होते. चेकच्या मागे सही कुणाची असते? ज्याला पैसे मिळतात त्याची. पाठ कुणाचीही असो.

ह्याच पैशाचा आणखी एक खेळ. पी.एल. 480 च्या रुपयांतून 1962 पासून अमेरिकेच्या लायब्ऱ्यांसाठी इथली पुस्तकं-मासिकं विकत घेतली जायची, मराठी पण. म्हणजे आज्यानं गहू उतरवला आणि त्या रुपयांतून आपले शब्द बोटीत चढले. तिकडच्या विद्यापीठांत ते नीट जपून ठेवलेले आहेत. इथं मात्र आमच्या पोरांना जुना अंक रद्दीवाल्याकडे शोधावा लागतो.

आणि आणखी एक शेजार बघा. मॉयनिहननं रिपोर्ट लिहिला त्याच 1965 साली आपल्याकडे सरकारनं अस्पृश्यतेवर एक समिती नेमली, एल. इलयापेरुमल ह्यांची. तिचा अहवाल 1969 ला आला. त्यात काय होतं? विहिरी, देवळं, हॉटेलातल्या वेगळ्या कपबश्या, मारहाण, खून. त्या अहवालानं मोडकी कुटुंबं मोजली नाहीत, मोडणारे हात दाखवले. तो संसदेत धूळ खात पडला असता, पण मुंबईतल्या पोरांनी वाचला आणि 1972 साली पँथर उभी राहिली. एक रिपोर्ट सरकारला झोप देतो, दुसरा पोरांची झोप उडवतो. मॉयनिहनच्या रिपोर्टावर आजही सेमिनार होतात. इलयापेरुमल हे नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? हात वर करा बघू.

1975 साली तो युनोत गेला. आता मी ज्या गोव्यात राबतो तिथून बघा, गंमत कळेल. 18 डिसेंबर 1961 ला, आपलं सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा, अमेरिकेचा प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन सुरक्षा समितीत भारतावर आग ओकला. पोर्तुगालवर अन्याय! रशियानं व्हेटो वापरला म्हणून ठराव पडला. चौदा वर्षांनी, 7 डिसेंबर 1975 ला, पोर्तुगीजांच्याच दुसऱ्या वसाहतीत, पूर्व तिमोरमध्ये, इंडोनेशियाचं सैन्य शिरलं. तिथं लोकांनी नुकतंच स्वातंत्र्य जाहीर केलेलं. आदल्या दिवशी अमेरिकेचा प्रेसिडेंट फोर्ड आणि किसिंजर जकार्तात जेवून गेलेले. युनोत कागदावर ठराव झाले. पण मॉयनिहननं 1978 च्या आठवणींच्या पुस्तकात स्वतः लिहून ठेवलंय, की युनोनं काहीच करू नये अशी आपल्या खात्याची इच्छा होती, ते काम माझ्यावर सोपवलं, आणि मी ते चांगलं पार पाडलं. पुढेच मेलेल्यांचा आकडाही देतो: साठ हजार. तिमोर स्वतंत्र व्हायला 2002 उजाडलं.

ह्याला म्हणतात प्रेमळ दुर्लक्ष. 1970 ला काळ्यांसाठी सुचवलं, 1975 ला तिमोरवर करून दाखवलं.

त्याच पुस्तकात त्यानं हेही लिहून टाकलं, की सी.आय.ए.नं दोनदा काँग्रेसला पैसे दिले होते, केरळात आणि बंगालात कम्युनिस्टांविरुद्ध. दिल्लीत खळबळ उडाली. माणूस बोलघेवडा होता, आणि त्याच्या बोलघेवडेपणाचे मी आभार मानतो. मुके राजदूत जास्त वाईट.

म्हातारपणी त्याला त्याचंच पोतं भोवलं. 1996 साली क्लिंटननं गरिबांची, एकट्या आयांची सरकारी मदत छाटणारा कायदा केला. मॉयनिहन सिनेटमध्ये उभा राहून ओरडला, पोरं रस्त्यावर येतील म्हणाला, विरोधात मत दिलं. ते खरं होतं, आणि ते धाडसाचं होतं, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही. पण मदत छाटणारे कुणाचं नाव घेत होते? त्याचंच. तीस वर्षांपूर्वी तूच सांगितलंस ना साहेब, की रोग घरात आहे.

दोस्तांनो, मुंबई-पुण्यात आता आपलेही हूकवाले तयार झालेत. चाळीतून वर गेलेले, रिझर्व्हेशननं शिकलेले, आता स्टेजवरून वाडीला सांगतात: आधी दारू सोडा, आधी पोरींना सांभाळा, आधी घर नीट करा, मग हक्क मागा. शेजारी बसलेला पाहुणा मान डोलावतो. पाहुण्याला फार बरं वाटतं. मागच्या एप्रिलला जयंतीला आमच्याकडे असाच एकजण आला होता. भाषणात तीन वेळा म्हणाला, मी पण चटणी-भाकरी खाऊन वर आलोय. मी पुढच्या रांगेत होतो. विचारणार होतो, जिना कुठं ठेवलात? विचारलं नाही. नंतर त्यानं मला खांद्यावर हात ठेवून विचारलं, कविता करतोस ना, आमच्या पाहणीच्या दुसऱ्या फेरीचं काम करशील? ह्या वेळी एका फॉर्मचे शंभर.

पहिल्या फेरीचे फॉर्म मी अजून दिलेले नाहीत. एकोणीस आहेत, आज्याच्या ट्रंकेत. पैसे त्यांनी आगाऊ दिले होते, साडेनऊशे. ते आईच्या डोळ्यांच्या चष्म्याला गेले. संस्थेचा फोन दर आठवड्याला येतो. मी बोट लागलीय म्हणून सांगतो.